काजू ग्रेडिंगला माणसं घेताना कामाची वृत्ती पारखायची कशी?

कुंडई_काजू

गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचं काजू प्रक्रियेचं लहान युनिट आहे, ३४ माणसांचं. दिवाळीचा माल बाहेर पडण्याआधी ग्रेडिंगला सहा जणी आणि एक शिफ्ट सुपरवायझर घ्यायचा आहे. चाळीसेक अर्ज आलेत. मुलाखतीत सगळेच सांगतात, ‘मेहनत करीन, वेळेवर येईन, पडेल ते काम करीन.’ यातून काय धरायचं आणि काय सोडायचं?

दुसरं, ‘आपल्यात मिसळेल का’ हे कसं पाहायचं? भागीदारांचं मत आहे की गावातली, ओळखीतलीच माणसं घ्यावीत, ती टिकतात. मला ते पटत नाही, पण त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. मुलाखतीतच ‘चवथीला (गणेश चतुर्थीला) येणार का?’ असं विचारावं, असंही ते म्हणतात.

मनुष्यबळ_वेर्णा

आधी ‘वृत्ती’ हा शब्द बाजूला ठेवा. तो इतका मोठा आहे की प्रत्येक जण त्यात आपल्याला हवं ते पाहतो. तुमच्या ग्रेडिंग टेबलावर चांगलं काम करणाऱ्या दोघी-तिघी डोळ्यांसमोर आणा आणि त्या नेमकं काय करतात ते लिहून काढा. यादी साधारण अशी निघेल: सांगितलेला नियम कोणी बघत नसतानाही पाळते, चूक लपवत नाही, यायला जमणार नसेल तर शिफ्टच्या आधी फोन करते, एकदा दुरुस्ती सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. चार-पाच मुद्दे पुरेत. आता यातला प्रत्येक मुद्दा पाहता येतो, मोजता येतो.

मग प्रत्येक मुद्द्यावर एक प्रश्न ठरवा आणि सगळ्यांना तोच, त्याच क्रमाने विचारा. प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीचा हवा. ‘चूक झाली तर काय कराल?’ याचं उत्तर कोणीही पाठ करून देईल. त्याऐवजी ‘शेवटच्या कामावर तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. ती आधी कोणाच्या लक्षात आली? तुम्ही कोणाला सांगितलं, किती वेळाने?’ असं विचारा. खरं घडलेलं असेल तर माणूस जागा, वेळ, वस्तू सांगतो. नसेल तर तिसऱ्या उपप्रश्नाला बोलणं पुन्हा ‘मी नेहमी प्रामाणिक असते’वर येतं. जिने आधी नोकरी केलेली नाही तिला घरचं, बचतगटाचं, शाळेचं उदाहरण चालेल असं आधीच सांगा. नाहीतर अनुभव नाही म्हणून ती उगाच मागे पडते.

गुण १, ३, ५ असे ठेवा आणि कुठल्या उत्तराला किती, ते मुलाखतीआधी लिहा. चुकीबद्दलच्या प्रश्नाला १ म्हणजे ‘चूक कधी होतच नाही’ किंवा दोष दुसऱ्यावर. ३ म्हणजे विचारल्यावर कबूल केली. ५ म्हणजे स्वतःहून सांगितली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काहीतरी बदललं. मुलाखत घेणारे दोघं असावेत आणि दोघांनी एकमेकांशी बोलण्याआधी गुण मांडावेत. हे न केल्यास भागीदारांचं मत तेच तुमचं मत होतं.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. निवडीच्या पद्धतींवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जो हिशोब मांडला, त्यात ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.४२ आला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९ आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा ०.०७. ‘दहा वर्षं काजूत आहे’ यावर किती भिस्त ठेवायची ते यावरून ठरवा.

सावई_ग्रेडिंग

वरचं सगळं बरोबर, पण ग्रेडिंगचं काम हाताडोळ्याचं. जिला बोलता येत नाही ती उत्तम ग्रेडर असू शकते. तिला ट्रे द्या.

चाचणी अशी लावा. प्रत्येकीला १ किलो गर: अख्खा, पाकळी आणि तुकडा मिसळलेला. त्यात मोजून २० खराब गर घाला: ८ करपलेले, ६ लाल साल चिकटलेले, ६ किडीने पोखरलेले. सुरुवातीला पाच मिनिटं नमुने हातात देऊन दाखवा आणि तीनच नियम सांगा: हात धुऊन टोपी घालायची, खाली पडलेला गर ट्रेत परत न टाकता लाल डब्यात टाकायचा, शंका असेल तो गर वेगळ्या वाटीत ठेवायचा. वेळ अर्धा तास. उजेड सगळ्यांना सारखा हवा. खिडकीजवळची आणि कोपऱ्यातली अशी तुलना केलीत तर चाचणी फुकट.

पंधरा मिनिटांनी प्रत्येकीला एकच दुरुस्ती सांगा, उदाहरणार्थ, ‘हा फिकट तपकिरी डागही करपलेल्यात घाला.’ मग निघून जा. शेवटी तीन गोष्टी मोजा: २० पैकी किती पकडले, दुरुस्तीनंतरचे डागवाले गर योग्य जागी गेले का, आणि शंकेच्या वाटीत काय आहे. ती वाटी नीट बघा. वाटी अगदी रिकामी आणि खराब गर अख्ख्यात सापडले, तर ती बाई विचारायला कचरते किंवा तिला घाई आहे. वाटीत चाळीस गर असतील तर तिला नमुनेच कळलेले नाहीत, आणि तो दोष बहुधा दाखवणाऱ्याचा.

वेग पहिल्या दिवशी मोजू नका. डोळा बसायला दिवस लागतात. वेगावर गुण ठेवलेत की सगळ्या घाई करतात आणि तुम्ही नेमकी घाई करणारीच निवडता. अनुभवी असल्याचं सांगणारीला वेगळी परीक्षा द्या: मिश्र मालातून तिने डब्लू-२४० (अख्ख्या पांढऱ्या गराची एक प्रत) म्हणून काढलेल्यातले ४५४ ग्रॅम, म्हणजे एक पौंड, वजन करून गर मोजा. २२० ते २४० च्या आत बसायला हवेत.

ट्रेवर नाव नको, नंबर टाका. मोजणारा वेगळा असावा. आणि त्या वेळेचे पैसे द्या, निवड होवो न होवो. सावई-वेर्‍याहून दोन बस बदलून आलेल्या बाईचा अर्धा दिवस फुकट घेणं बरं नव्हे.

डिचोली_पाळी

चाचणीच्या खोलीत मुद्दाम कचरा टाकून कोण उचलतं ते पाहणं, किंवा तासभर ताटकळत ठेवून कोण चिडतं ते पाहणं, असे सल्लेही मिळतील. ते करू नका. नवख्या जागेत माणूस कशालाही हात लावायला बिचकतो. त्यावरून वृत्ती कळत नाही. वर लाल डब्याचा नियम आधी सांगून मग पाहिला आहे, फरक तिथे आहे.

उशिराचंही तसंच. कारण विचारल्याशिवाय गुण कापू नका. तुमची पाळी ८ ला सुरू होत असेल आणि त्या वाटेवरची कदंब बस ८.१० ला पोचत असेल तर तो प्रश्न वृत्तीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. पाळी ८.१५ ला ठेवून सुटतो.

भागीदारांसाठी उत्तर. ‘आपल्यात मिसळेल’ याचा अर्थ कागदावर लिहायला सांगा. ‘खराब माल दिसला की पट्टा थांबवते’, ‘नवीन बाईला शिकवते’ असं काही लिहिता आलं तर तो कामाच्या रीतीचा मुद्दा आहे, त्याला गुण द्या. ‘आपल्या वाड्यावरची आहे’, ‘कोकणी बोलते’, ‘आमच्याच देवळाची महाजन’ एवढंच निघालं तर त्याला शून्य गुण. ओळखीतून आलेल्यांचा अडचणीचा भाग पुढे कळतो: एकीला बोललात की त्याच घरातल्या तिघी दुसऱ्या दिवशी येत नाहीत. ओळखीतून अर्ज जरूर घ्या, ट्रे मात्र सगळ्यांना एकच. लग्न, मूल, गरोदरपण हे प्रश्न कोणालाच नकोत. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायद्याने बंदी आहे.

कुंडई_काजू

फार उपयोगी, आभार. सुपरवायझरचं काय? आणि जुन्या मालकाला फोन करावा का? चवथीचं राहिलंच.

मनुष्यबळ_वेर्णा

सुपरवायझरला कालच्या पाळीच्या रजिस्टरची प्रत द्या, तीन चुका पेरून: एका बॅचचा नंबर गाळा, ग्रेडनिहाय बेरीज ११.३४ किलोने, म्हणजे एका डब्याने, चुकवा आणि एका डब्याला दोन ग्रेड लावा. अर्धा तास देऊन पुढच्या पाळीसाठी निरोप लिहायला सांगा. चुका सापडल्या का एवढंच पाहू नका. बेरीज गुपचूप जुळवून टाकणारा आणि ‘एक डबा जुळत नाही, मोजून घ्या’ असं लिहिणारा, यातला दुसरा घ्या.

फोन जरूर करा, पण उमेदवाराने दिलेल्या नंबरावर आणि त्याच्या संमतीने. सध्याच्या मालकाला परस्पर फोन केलात तर त्याची असलेली नोकरी जाऊ शकते. ‘माणूस कसा आहे?’ विचारलंत की ‘बरा आहे’ एवढंच येतं. विचारा: किती महिने होता, काम काय होतं, शेवटच्या तीन महिन्यांत न कळवता किती दिवस आला नाही, जागा असेल तर परत घ्याल का. शेवटच्या प्रश्नाला आधी येणारी शांतता ऐका, पण तेवढ्यावरून निकाल लावू नका. दुसरा नंबर मागा.

डिचोली_पाळी

‘चवथीला येणार का?’ विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि चवथीला कोणी येणार नाही. घरचा गणपती सोडून कोण येईल? उलट तुम्हीच आधी सांगा: कारखाना कोणते दिवस बंद, कोणत्या आठवड्यात ओव्हरटाइम, त्याला दुप्पट दर, रजेचा अर्ज किती दिवस आधी. तोच कागद प्रत्येकीच्या हातात द्या आणि मगच विचारा, ‘यातलं काय जमणार नाही?’ जी म्हणते, ‘पाचव्या दिवशी विसर्जन, सहाव्याला येते,’ तिने नियोजनाला खरी तारीख दिली. तिचे गुण कापू नका.

आणि हो म्हणण्याआधी तासभर साल काढण्याच्या टेबलाशी बसवा, भाजणीच्या धुराचा वास घेऊ द्या. ज्यांना नको असेल त्या त्याच दिवशी सांगतील. घेतलेल्यांना १५, ४५ आणि ९० व्या दिवशी मुलाखतीच्याच मुद्द्यांवर पुन्हा गुण द्या आणि जुन्या गुणांशेजारी लिहा. पुढच्या भरतीला कोणता प्रश्न ठेवायचा, कोणता काढायचा, ते त्या दोन रकान्यांवरून दिसेल.