शब्दचर्चा : ‘स्टोअवे’ला मराठीत काय म्हणावे? आणि तो पेच की धर्मसंकट?

सांजवात

२०२१ सालच्या ‘स्टोअवे’ या चित्रपटावर मराठीत लिहायचे तर तीन शब्द अडतात. गोष्ट थोडक्यात अशी : मंगळाकडे निघालेल्या यानात तिघे अंतराळवीर. उड्डाणानंतर चौथा माणूस बेशुद्ध सापडतो. तो जिथे अडकला होता तिथले, हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणारे यंत्र निकामी झाले आहे. मागे फिरता येत नाही आणि हवा चौघांना पुरणार नाही.

स्टोअवेला ‘चोरटा प्रवासी’ म्हणावे का? या तिघांपुढे उभा आहे तो पेच की धर्मसंकट? आणि समीक्षक ‘प्लॉझिबल’ म्हणतात ते शक्य, संभाव्य की संभवनीय?

कानामात्रा

‘चोरटा’ नको. चोरट्याच्या मनात हेतू असतो. हा माणूस प्रक्षेपणाच्या तयारीतला अभियंता आहे, तो लपून बसलेला नाही. ‘चोरटा’ किंवा ‘फुकट्या’ लिहिले की वाचकाच्या मनात त्याच्याविरुद्ध अर्धा निकाल लागून जातो. मी ‘आगंतुक’ लिहीन. न बोलावता आलेला एवढाच त्याचा अर्थ, दोषाचा वास नाही. बोटीत जाणूनबुजून दडून बसणाऱ्यासाठी मात्र ‘चोरटा प्रवासी’ बरोबर आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शक्य म्हणजे निसर्गनियमांत बसणारे. संभाव्यता शाळेच्या गणिताने घेतलेली आहे, तिला आकडा लागतो. प्लॉझिबलला ‘संभवनीय’ चालेल, पण ‘पटण्याजोगे’ त्याहून चांगले, कारण त्यात ते कुणाला तरी पटायचे आहे हे आलेच.

वक्रतारा

पटते की नाही हे ठरवण्याआधी ‘हवा संपणे’ हा शब्दप्रयोग तपासायला हवा. सगळा घोळ तिथे आहे.

माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद यानात ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी हा दुसरा वायू साठून माणूस आजारी पडतो. मराठीत आपण दोन्हींना ‘गुदमरणे’ म्हणतो, पण जीव घाबरा होण्याची, श्वास कोंडल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर माणसाला फारसे काही जाणवत नाही, तो गोंधळतो आणि बेशुद्ध पडतो. म्हणून या गोष्टीपुरते तरी ‘हवा कोंदणे’ आणि ‘ऑक्सिजन सरणे’ असे वेगळे शब्द वापरा. कोंदलेल्या हवेत बाहेरून ऑक्सिजन आणून सोडला तरी कोंदलेपणा जात नाही. त्यासाठी तो वायू काढावा लागतो. ते जमत नसेल तर जुनी हवा अवकाशात सोडून द्यावी लागते, आणि तिच्याबरोबर चांगला वायूही जातो.

कार्बन डायऑक्साइड काढायच्या दोन रीती आहेत. अंतराळ स्थानकावरच्या यंत्रात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे खडे असतात, त्यांच्या पृष्ठभागावर वायू धरला जातो. हे ‘अधिशोषण’. खड्यांचा एक थर वायू धरत असतो तेव्हा दुसरा सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून निर्वाताकडे उघडतात, वायू सुटतो, थर पुन्हा कामाला लागतो. झिओलाइट आधी पाणी धरते, म्हणून हवा अगोदर कोरडी करावी लागते. खड्यांची भुकटी होऊन झडपांत अडकणे हे त्याचे नेहमीचे दुखणे. दुसरी रीत लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांची. ती रासायनिक क्रिया आहे, डबा एकदा भरला की संपला. कागदावरच्या हिशेबाने १ किलो वायूला सुमारे १.१ किलो रसायन लागते, प्रत्यक्षात जास्तच. दोन्हींना सरसकट ‘शोषण’ म्हटले तर परत वापरता येणारे आणि न येणारे यातला फरक पुसला जातो, आणि गोष्टीतला तिढा त्या फरकावरच उभा आहे.

१९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ ची अडचण हीच होती. बिघाडानंतर तिघे अंतराळवीर मुख्य यान सोडून चांद्रयानात आसऱ्याला आले होते. ऑक्सिजनपेक्षा डबे कमी पडत होते : चांद्रयानाचे डबे गोल, मुख्य यानाचे चौकोनी. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरून चौकोनी डबे जोडले गेले. तिथे पेच पडला आणि तो सुटला.

सांजवात

म्हणजे सुटतो तो पेच?

कानामात्रा

हो, माझ्या मते तोच निकष. पेच फारसीतून आला, मूळ अर्थ पीळ, वळसा. कुस्तीत डावपेच, पतंगांचा पेच. पीळ पडतो तसा उलगडतोही. धर्मसंकटात दोन्ही बाजूंना कर्तव्यच असते, एक पाळले की दुसरे मोडते. संस्कृतात ‘उभयतःपाशा रज्जुः’ म्हणतात, दोन्ही टोकांना फास असलेला दोर. तेव्हा लेखकाने आधी सगळे पेच सोडवून पाहावेत आणि उरेल त्यालाच धर्मसंकट म्हणावे. यानात राखीव यंत्रच का नव्हते, या प्रश्नाला गोष्टीत पटण्याजोगे उत्तर नसेल, तर ते संकट पात्रांवर लेखकाने लादलेले असते.

वक्रतारा

अगदी बरोबर, आणि यात एक मराठी शब्द फार कामाचा आहे : सवड.

कल्पित आकडे घेऊ. प्रवास २१० दिवसांचा, यंत्र बंद, डबे ६३० माणूस-दिवसांचे (एका माणसाला एक दिवस पुरेल तो एक माणूस-दिवस), म्हणजे तिघांना नेमके पुरणारे. चौघे वापरू लागले तर ते १५७ दिवसांत संपतील. म्हणून वाटते, निर्णयाला पाच महिने आहेत. तसे नाही. चौघांनी २० दिवस विचार केला तर ८० माणूस-दिवस खर्च झाले, ५५० उरले. तिघांना ते १८३ दिवस पुरतील आणि प्रवास १९० दिवसांचा बाकी. आता तिघेही पोहोचत नाहीत. थांबण्याचा प्रत्येक दिवस तिघांच्या हिशेबापेक्षा एक माणूस-दिवस जादा खातो. साठ्यात दहा टक्के जादा, म्हणजे ६३ माणूस-दिवस असते, तर तेवढ्याच दिवसांचा अवधी मिळाला असता : चित्रपटातल्यासारखे हवेसाठी शैवाल वाढवून पाहायला, वापरून झालेल्या रॉकेटच्या टाकीतला ऑक्सिजन आणायला, आपसांत बोलायला.

अभियंते याला ‘मार्जिन’ म्हणतात. ‘जादा साठा’ म्हटले तर नुसते वजन कळते. सवडीत जागाही आली आणि वेळही आला.

पैलतीर

क्रियापदांबद्दल सांगायचे आहे. ‘बळी देणे’मध्ये देणारा कर्ता दिसतो. ‘बळी जाणे’मध्ये तो नाहीसा होतो. ‘प्राण देणे’मध्ये कर्ता आणि जाणारा एकच. शिबी राजाने होल्याच्या वजनाइतके मांस तोलले ते स्वतःचे, म्हणून ती कथा आहुतीची झाली. या चित्रपटावर ‘एकाचा बळी जातो का?’ असे लिहिले तर प्रश्नच चुकतो. कोण कोणाचा बळी देतो, हे मराठी क्रियापदाला सांगायला लावा.

‘नाइलाज’ही जपून वापरावा. १८८४ मध्ये ‘मिन्योनेट’ ही नौका बुडाल्यावर डडली आणि स्टीफन्स या खलाशांनी भुकेने रिचर्ड पार्कर या पोऱ्याला मारले. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, त्याची संमतीही घेतली नव्हती. इंग्लंडच्या न्यायालयाने नाइलाज हा खुनाला बचाव मानला नाही. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. तिथे नाइलाज शिक्षा हलकी करायला उपयोगी पडला, कृत्य योग्य ठरवायला नाही.

सांजवात

मग मी असे लिहिते : आगंतुक, पटण्याजोगे, सवड, यंत्र दुरुस्त होईल अशी आशा असेपर्यंत पेच, आणि डब्यांचा हिशेब मांडून झाल्यावर धर्मसंकट. एक शंका राहते. आगंतुकाला हा हिशेब केव्हा सांगायचा, यासाठी ‘कळवणे’ फार कोरडे वाटते.

पैलतीर

‘विश्वासात घेणे’ वापरा. कळवून झाल्यावरही निर्णय तिघांच्याच हातात राहू शकतो. विश्वासात घेतले की त्यालाही मत मिळते.