दोघांचे मिळून ९२ हजार हातात येतात, पाच जणांनी परदेशात जाणं खरंच परवडतं का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. मी एका खाजगी कंपनीत स्टोअरला आहे, मिसेस क्लासमध्ये शिकवते, दोघांचे मिळून ९२ हजार हातात येतात. धायरीतल्या फ्लॅटचा हप्ता ३१ हजार, मुलांची फी आणि व्हॅन १४, आईची औषधं ४, मग किराणा दूध गॅस लाईटबिल पेट्रोल सगळं धरून महिनाअखेर १०-१२ हजार उरतात, तेही त्या महिन्यात कुणाचं लग्न नसेल तर. मुलगी १३ ची, मुलगा ९ चा, आई ६८ ची. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मुलीने जेवताना विचारलं, बाबा आपण परदेशात कधीच नाही का जाणार, वर्गातल्या तिघी दुबई सिंगापूर करून आल्या होत्या. हट्ट नव्हता हो, नुसतं विचारलं आणि पुन्हा जेवायला लागली, तेच मनाला लागून राहिलं. आमचं दरवर्षी दापोली नाहीतर गुहागर, एकदा हंपी झालं. टूरवाल्यांकडे युरोपची चौकशी केली, आकडा ऐकून दोघं गप्प उठून आलो. आता बँकेतून रोज फोन, ट्रॅव्हल लोन घ्या म्हणून. आमच्यासारखे लोक जातात ते कसे जातात, सगळे कर्जच काढतात का? खरं खरं सांगा.

कोथरूडची_आई

दादा, जमतं, पण एका वर्षात नाही. आम्ही चौघं मे २०२४ ला व्हिएतनामला गेलो. त्याआधी दोन वर्षं दर महिन्याला ८ हजारांची आरडी (बँकेतली दरमहाची ठेव), म्हणजे १ लाख ९२ हजार भरले आणि व्याज धरून साधारण दोन लाख पाच हजार झाले, शिवाय सोसायटीतल्या बायकांची भिशी आहे, बारा जणी पाच-पाच हजाराची, त्यातला माझा नंबर मुद्दाम शेवटच्या महिन्यात घेतला. आरडीचे पैसे पगार झाला की दुसऱ्याच दिवशी कापले जायचे म्हणून राहिले, हातात असते तर गेले असते.

खर्च सांगते. मुंबईहून विमान चौघांचं ८८ हजार, ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, हॉटेलं साधी, तिथल्या तिथे हनोई ते दानांग विमान, हालोंगची एक दिवसाची बोट, पुणे-मुंबई गाडी, सगळं मिळून दोन लाख दहा हजारात बसलं, खरेदी वेगळी. टूरबरोबर गेलो नाही, मिस्टरांनी सहा महिने रात्री बसून सगळं स्वतः बुक केलं. आम्ही शाकाहारी, मला तीच धास्ती होती, बॅगेत मेतकूट, चटण्या, दशम्या. तिथे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात, तशी पाटी दिसली की आत शिरायचं, टोफू आणि भाज्या छान मिळतात. मुलं अजून दुकानात गेली की चायची पाटी शोधतात. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत का ते आधी बघा, मुलगी दहावीला गेली की तीन वर्षं विसरा.

हडपसरवाला

दादा, लोन घेऊ नका. हात जोडून सांगतो. मी घेतलं, ४ लाख, तीन वर्षं, १४ टक्क्यांनी. हप्ता १३,६७० रुपये. हिशोब करा, चार लाखांचे ४ लाख ९२ हजार भरले मी. ट्रिप सात दिवसांची, हप्ते छत्तीस. आठव्या महिन्यात वडिलांचं ऑपरेशन निघालं तेव्हा हाताशी काहीच नव्हतं, मित्रांकडून मागितले. त्या ट्रिपचे फोटो आजही मला नीट बघवत नाहीत. बायकोला पण मी असं म्हणालो नाहीये अजून, इथेच लिहितोय. तुमच्या १०-१२ हजारात तो हप्ता बसतच नाही, बँकवाला काहीही म्हणो.

निवृत्त_बँकवाला

हडपसरवाले, फार बरं केलंत लिहिलंत. सिंहगडरोडकर, युरोपचं आत्ता डोक्यातून काढाच, कारण नुसत्या व्हिसाचं बघा, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, त्याची फी जून २०२४ पासून बारा वर्षं आणि त्यावरच्यांना ९० युरो आणि सहा ते अकराच्या मुलांना ४५, म्हणजे तुमचे पाच जणांचे ४०५ युरो, साधारण ४० हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ती फी परत नाही. कंपनीत एलटीए, म्हणजे करसवलतीचा प्रवास भत्ता, असेल तर त्यात परदेश बसत नाही, ती सवलत फक्त भारतातल्या प्रवासाला. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो तुमचाच पैसा असतो, रिटर्न भरताना मिळतो, पण मध्ये काही महिने अडकतो.

आता मला जे सांगायचंय ते. नेपाळ पण परदेशच आहे. तुमच्या पाच जणांना पासपोर्टच लागत नाही. तुम्ही दोघं निवडणूक ओळखपत्रावर जाल, आधार तुमच्या वयात चालत नाही हे लक्षात ठेवा, आई ६५ च्या वरच्या आणि मुलं १५ च्या आतली, त्यांना आधार चालतं. पासपोर्टचेच दोघांचे ३ हजार, मुलांचे २ हजार आणि आईंचे वाचतात. आपल्या रुपयाला त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा भाव १९९३ पासून तसाच आहे, आपल्या शंभराच्या नोटा बिनधास्त चालतात. आम्ही दोघं आणि बहीण पुण्याहून गोरखपूरच्या गाडीने गेलो, तिथून सुनौली सुमारे शंभर किलोमीटर, हद्द पायी ओलांडली, मग लुंबिनी, पोखरा, काठमांडू. तिघांचे दहा दिवसांचे ६५ हजार झाले. पोखऱ्याला पहाटे डोंगर दिसले तेव्हा बहीण रडायला लागली, आयुष्यात ती नाशिकच्या पलीकडे गेली नव्हती.

कोथरूडची_आई

काका, नेपाळचं पटलं, पण मुलीने परदेश म्हटलं त्यात विमान पण असणार ना, तेरा वर्षांच्या मुलीला सुनौलीपर्यंत रेल्वेने नेऊन हा परदेश असं सांगणं मला जरा जड वाटतं.

निवृत्त_बँकवाला

ताई, बरोबर आहे. मग एक बाजू विमानाने करा, काठमांडू ते दिल्ली विमान, पुढे पुण्याला रेल्वे. विमानालाही तीच ओळखपत्रं चालतात.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे खूप आभार, हडपसरवाले तुमचे तर विशेष, लोनचा फोन आज उचललाच नाही. रात्री मिसेसला हे सगळं वाचून दाखवलं. आई आतल्या खोलीतून म्हणाल्या, पशुपतिनाथ होणार का? मला माहीतच नव्हतं त्यांना जायचं होतं, वडील असताना ठरलं होतं म्हणे आणि राहून गेलं. मुलीने लगेच नकाशा काढला, एव्हरेस्ट काठमांडूहून दिसतो का ते बघत बसली. आम्ही यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत जावं म्हणतोय, कर्ज काढायची गरज नाही, बोनस पुरेल. काका, गोरखपूरचं तिकीट कधी काढू? आणि माझं मतदान कार्ड गावच्या पत्त्यावरचं आहे, सोलापूर जिल्हा, ते चालेल का?

निवृत्त_बँकवाला

पत्ता कुठलाही असला तरी चालतं, फोटो ओळखू येईल इतपत पाहिजे, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघा. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. पण दिवाळीला त्या गाडीत शिरू नका, छठसाठी सगळा पूर्वांचल पुण्याहून घरी निघतो, आईंना घेऊन जमणार नाही. डोंगर खरे ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच स्वच्छ दिसतात, मे मध्ये धूसर असतात, म्हणून मी तर म्हणेन जायचं दिवाळीतच पण उलट करा, आधी विमानाने दिल्लीमार्गे काठमांडू, आणि परतताना गोरखपूरहून रेल्वे, त्या बाजूने तेव्हा गर्दी कमी असते. तिकडून निघायची तारीख मात्र छठच्या आधीची धरा, नंतर तीच गर्दी पुण्याकडे उलटते. आईंचे गुडघे कसे आहेत ते सांगा, पशुपतिनाथला पायऱ्या आहेत.