मदत हवी आहे : बेघर निवाऱ्यातल्या लोकांचं काम टिकावं म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आम्ही काही जण एका बेघर निवाऱ्यात मदतीला जातो. काम मिळवून देणं तितकं अवघड नाही; हॉटेलांना भांडी घासायला, सोसायट्यांना झाडलोटीला माणसं हवीच असतात. अडतं ते पुढे. पगार महिना भरल्यावर, मग तोवर बसभाडं आणि जेवण कुठून आणायचं? थोड्याच दिवसांत माणूस परत मजूर अड्ड्यावर उभा, कारण तिथे संध्याकाळी रोख हातात पडते. त्याचं चुकतं असं मला तरी वाटत नाही.

बँकेचं थोडं सुटलं. कागदपत्रं नसली तरी फोटो आणि अंगठ्यावर ‘छोटं खातं’ उघडता येतं (शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजार काढता येतात). शाखेत मात्र चिकाटीने बसावं लागतं. सिक्युरिटीच्या कामाला पोलीस पडताळणी लागते, आणि तिथे पत्त्यावरून घोडं अडतं.

तर विचारायचं असं : सुरुवातीचे दोन महिने तरी आठवड्याला पगार द्यायला कुणी ठेकेदाराला राजी केलंय का? कसं? रात्रपाळी करून आलेल्यांना दिवसा झोपायची सोय तुमच्या शहरात कोण करतं? शहरी गरिबांसाठीच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या (ते २०२४ मध्ये संपलं) नियमांत निवारा चोवीस तास उघडा हवा होता, पण प्रत्यक्षात सकाळी बाहेर काढतात. लहान मुलं असलेल्या बायकांसाठी अंगणवाडी किंवा बचत गटाशी कुणी जोडून घेतलं असेल, तर तेही जरूर सांगा.