टेलोमिअर, थांबलेल्या पेशी आणि वार्धक्य

प्रश्न: प्रयोगशाळेत मानवी पेशी साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात, हे जीवशास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले, परंतु हृदयाच्या स्नायूपेशी क्वचितच विभागतात, मग त्या वृद्ध कशा होतात?

पहिले उत्तर: गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणे म्हणजे टेलोमिअर; ती प्रत्येक विभाजनात आखूड होतात आणि फार आखूड झाली की पेशी थांबते, पण त्यांची लांबी शाबूत असतानाही ऑक्सिडीकरणामुळे टेलोमिअरला इजा होते, आणि तेथील संरक्षक प्रथिनेच दुरुस्तीच्या आड येत असल्याने धोक्याचा इशारा चालू राहून पेशी वार्धक्यावस्थेत, म्हणजे विभाजन कायमचे थांबलेल्या स्थितीत, जाते.

दुसरे उत्तर: थांबलेली पेशी गप्प बसत नाही, हीच खरी पंचाईत, ती दाहकारक द्रव्ये स्रवून शेजारच्या पेशींनाही बिघडवते.

प्रश्नकर्ता: मग टेलोमिअर पुन्हा लांब करणारे टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) वाढवावे का?

पहिले उत्तर: जरा जपून! सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हेच विकर सक्रिय आढळते.