कोविड मदतीचा अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर, तातडीने सांगा (मे २०२२)

चिंचपेटी_२१
कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार देतं त्या पन्नास हजारांचा अर्ज परत आलाय. शेरा एवढाच, "कागदपत्रे ग्राह्य नाहीत". कुठली, ते नाही. हेल्पलाइनला फोन केला की आधी गाणं, मग कट. २३ मे शेवटची तारीख म्हणतात. असा अर्ज कोणाचा मंजूर झाला असेल तर काय जोडलं होतं तेवढं सांगा. उपदेश नको.

निवांत
कोण गेलं? कधी? घरी की दवाखान्यात? टेस्ट झाली होती का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गोदाकाठ
लसीच्या प्रमाणपत्रात नाव चुकलं असेल तर कोविनवर लॉगिन करून दुरुस्ती करता येते. माझं 'शिंद' झालं होतं, आठवड्यात 'शिंदे' होऊन आलं.

चिंचपेटी_२१
लस कुठून आली मध्येच? आई गेली. एप्रिल २०२१. ॲडमिट होती, नऊ दिवस. अजून काय पाहिजे?

निवांत
टेस्ट.

चिंचपेटी_२१
अँटिजेन निगेटिव्ह. आरटीपीसीआरचा स्वॅब घेतला होता, रिपोर्ट आलाच नाही. मृत्यूच्या दाखल्यासोबतच्या कागदावर 'हृदयक्रिया बंद पडून'.

पेठेतला_एक
मग कसे देतील? उद्या कोणीही उठेल आणि कोविड म्हणेल. महाराष्ट्राने जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात दिलेले आकडे बघा, मृत्यू १ लाख ४१ हजार आणि अर्ज २ लाख १३ हजार. खोटे अर्ज किती असतील याचा हिशोब करा. कोर्टानेच मार्चमध्ये चार राज्यांतले ५ टक्के अर्ज तपासायला परवानगी दिली, त्यात आपलं राज्य आहे.

कावळा_उंबरावरचा
त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की मृत्यूच कमी मोजले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज परवाच आला. भारतात २०२० आणि २१ मिळून, साथ नसती तर झाले असते त्याहून ४७ लाख जादा मृत्यू. आपला सरकारी आकडा पाच लाखांच्या आत.

पेठेतला_एक
तो अंदाज आहे, मोजणी नाही. सरकारने त्यांच्या पद्धतीवर रीतसर आक्षेप घेतलाय.

कावळा_उंबरावरचा
आक्षेप घेण्यात सरकार तरबेजच आहे. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत सांगितलं, ऑक्सिजनअभावी मृत्यूची नोंद राज्यांनी कळवलेली नाही. राज्यांनी कळवलं नाही, केंद्राने खोदून विचारलं नाही, आणि सिलिंडर घेऊन रात्रभर पळणारे आम्ही वेडे. यात केंद्र आणि राज्य दोघांनाही माफी नाही.

वॉर्डातली_ताई
भांडण नंतर करा. चिंचपेटी, मी तेव्हा एका कोविड वॉर्डात होते, आमच्याकडच्या तीन घरांचे असेच अर्ज करून दिलेत. ४ ऑक्टोबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात स्पष्ट आहे की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, एवढ्या एका कारणावरून मदत नाकारता येत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह नसली तरी ॲडमिट असताना तपासण्यांवरून डॉक्टरांनी कोविड ठरवला असेल तर चालतो. टेस्ट किंवा निदानापासून ३० दिवसांत मृत्यू हवा, तुमचा बसतो. छातीचा सिटी स्कॅन झाला होता ना? फुप्फुसातल्या संसर्गाचा स्कोअर किती?

चिंचपेटी_२१
१७/२५. फिल्म वडिलांनी कुठेतरी ठेवलीय. पण ते हॉस्पिटल आता बंद आहे. मंगल कार्यालयात उघडलं होतं, ऑगस्टमध्ये पुन्हा लग्नं सुरू झाली. केसपेपर कोणाकडे मागू?

आजोळ
अहो, पासबुक बघा! मे २०२० अखेरीस ३३० रुपये कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, दोन लाख मिळतात. आमच्या काकूंच्या खात्यातून कापले जात होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. पन्नास हजारांच्या मागे पळताना दोन लाख विसरू नका.

पेठेतला_एक
विम्याला वयाची अट आहे. आईचं वय?

चिंचपेटी_२१
६३.

आजोळ
मग नाही. पन्नाशीपर्यंतच घेता येतो, ५५ ला संपतो. इतरांना उपयोगी पडेल म्हणून राहू दे.

वॉर्डातली_ताई
नवीन अर्ज भरत बसू नका. तक्रार निवारण समितीकडे अपील करा. ही समिती याच कामासाठी आहे, तिला रुग्णालयाची कागदपत्रं मागवण्याचा अधिकार आहे आणि ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. रुग्णालय बंद असलं तरी ज्या डॉक्टरांच्या सहीने डिस्चार्ज समरी निघाली त्यांचं नाव अर्जात टाका. हॉस्पिटलचं बिल आहे?

चिंचपेटी_२१
बिल आहे. रेमडेसिवीर ६, पीपीई किट रोज दोनप्रमाणे १८. आणि एक गोष्ट लिहायची राहिली. स्मशानातली पावती आहे. निळा शिक्का, 'कोविड'. आईला घरी आणू दिलं नाही, बॅगेत गुंडाळून परस्पर नेलं. मी कुंपणाबाहेर उभा होतो. तिथे कोविड आणि इथे हृदयविकार, हे कसं काय?

निवांत
ही पावती पहिल्या पोस्टमध्ये लिहायची!

कावळा_उंबरावरचा
जाळताना कोविड, मोजताना नाही. १४ मार्च २०२० च्या पत्रात गृहमंत्रालयाने मृतांच्या कुटुंबाला चार लाख लिहिले आणि त्याच दिवशी सुधारित पत्र काढून ते वगळले. ३० जून २०२१ ला कोर्टाने बजावलं की मदतीचे निकष ठरवा, तेव्हा कुठे पन्नास हजारांवर गाडी आली. तेही राज्याच्या आपत्ती निधीतून.

पेठेतला_एक
चार लाख सगळ्यांना दिले असते तर निधी रिकामा झाला असता. शंभर वर्षांत न आलेली साथ होती. बाहेरच्या श्रीमंत देशांचीही भंबेरी उडाली.

कावळा_उंबरावरचा
साथ नवी होती, मान्य. चार तासांची सूचना देऊन देश बंद करणं साथीने शिकवलं नव्हतं. त्या बंदीत गावी पायी निघालेले, औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते कोणत्या यादीत धरायचे?

वॉर्डातली_ताई
पावती मुख्य पुरावा नाही, पण जोडाच. क्रम असा ठेवा: स्कॅनचा रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, बिल, पावती. स्कॅनची फिल्म अपलोड करू नका, काळीकुट्ट दिसते. सोबतचा टाइप केलेला कागद हवा. अर्जदार वडील आहेत की तुम्ही?

चिंचपेटी_२१
मी. बँक खातं माझं दिलं.

वॉर्डातली_ताई
वडील हयात असताना? बहीण-भाऊ आहेत? इतर वारसांचं ना हरकत स्वयंघोषणापत्र जोडलंत का?

चिंचपेटी_२१
बहीण आहे, नाशिकला. ते पत्र कुठे मागितलं होतं?

निवांत
दोन वेळा परत आलं त्याचं कारण सापडलं बहुतेक.

पेठेतला_एक
मीही तेच म्हणणार होतो. सगळं सरकारवर ढकलू नये.

कावळा_उंबरावरचा
शेऱ्यात 'ना हरकत पत्र नाही' एवढे चार शब्द लिहायला सरकारला काय झालं होतं?

चिंचपेटी_२१
बहिणीला आत्ता फोन केला, सही करून उद्या फोटो पाठवते म्हणाली. अर्ज वडिलांच्या नावाने करू का, की माझाच अपीलात चालेल? पावती वडिलांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्यामागे ठेवलीय. स्कॅन केली की शिक्क्यावर चमक येते आणि 'कोविड' एवढंच पुसट दिसतं. हे कोणी केलंय का?

गोदाकाठ
लॅमिनेशनचा फोटो तिरका काढा, फ्लॅश बंद. माझं प्रमाणपत्र असंच केलं होतं.