मदत हवी आहे: स्वीट होम ३डी मध्ये खोल्यांची मापं कमी येतात, प्रिंटही स्केलमध्ये येत नाही

बेसावाला
प्लॉट ३० × ५० फूट, ले-आउट नागपूरच्या बेसा भागातला, ३० फुटांची बाजू पश्चिमेला रस्त्यावर. इंजिनिअरकडे जाण्याआधी घरच्यांना दाखवायला कच्चा नकाशा स्वीट होम ३डी (घराचे नकाशे काढायचा मोफत प्रोग्रॅम) मध्ये काढून राहिलो. अडचणी अशा:
१) बेडरूम १२ × १० ची काढली, पण आत क्षेत्रफळ १२० ऐवजी १०८ चौरस फूट दाखवतं.
२) काही खोल्यांत डबल क्लिक केलं तर फरशीच भरत नाही.
३) जिना प्रोग्रॅमच्या तयार लायब्ररीतून टाकला, पायऱ्या विचित्र उंच दिसतात.
४) ए४ वर प्रिंट काढली की पट्टीने माप जुळत नाही.
५) हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात काय होईल हे यात पाहता येतं का?
ऑटोकॅड येत नाही, आणि एका घरासाठी शिकायचंही नाही.

गुण्या
१०८ अगदी बरोबर आहे. हा प्रोग्रॅम भिंत मध्यरेषेवर काढतो. तुम्ही १२ फूट ओढले म्हणजे एका भिंतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १२ फूट. दोन बाजू नऊ इंची आणि दोन साडेचार इंची असतील तर प्रत्येक दिशेला ४½ अधिक २¼, म्हणजे ६¾ इंच भिंतीत गेले. आत उरलं ११ फूट ५¼ इंच × ९ फूट ५¼ इंच. गुणून बघा, १०८ च्या जरासं खालीच येतं. वर आतलं प्लास्टर अर्धा-अर्धा इंच दोन्हीकडून धरलं तर १०६.

म्हणून प्लास्टर होऊनही आत स्वच्छ १२ × १० हवं असेल तर रेषा १२ फूट ७¾ इंच × १० फूट ७¾ इंच ओढा. भिंत ओढत असतानाच एंटर दाबा, लांबी, कोन आणि जाडीचे रकाने उघडतात, तिथे आकडा टाइप करा. माउसने अंदाजे ओढून नंतर सुधारत बसू नका.

बाहेरच्या भिंतीला हेच उलट लागतं. समजा दोन्ही बाजूंना ३-३ फूट मोकळे (मार्जिन) सोडले, तर ३० फुटांतून बाहेरून-बाहेर २४ फूट मिळाले. मध्यरेषा २४ वर घेतली तर दोन्ही भिंती साडेचार-साडेचार इंच मार्जिनमध्ये घुसतात. मध्यरेषा २३ फूट ३ इंचावर हवी, आणि बाहेरचं पाऊण इंच प्लास्टरही दोन्हीकडे धरलं तर २३ फूट १½ इंचावर. (३ फूट मी उदाहरणाला घेतले. खरं मार्जिन प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, यूडीसीपीआर (राज्याचे बांधकाम नियम) बघून इंजिनिअरच सांगेल.) सगळ्यात आधी पॉलीलाइन टूलने ३० × ५० चा प्लॉट आणि आत मार्जिनची रेषा काढून ठेवा, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते.

नव्या भिंतीची जाडी आणि उंची फाइल > प्रेफरन्सेस मध्ये आधीच बदला. मुळात जाडी ७.५ सेंमी आणि उंची २५० सेंमी असते, आपल्याकडे दोन्ही कामाचे नाहीत. भिंती काढून झाल्यावर जाडी बदलली तर मध्यरेषा जागच्या जागी राहते आणि दोन्ही अंगं सरकतात. सगळा हिशोब मग पुन्हा.

ओळंबा
वरच्यात एक भर. एकक फूट-इंच ठेवा आणि दहा फूट सहा इंचाला १०.६ लिहू नका. १०.६ फूट म्हणजे १० फूट ७ इंचांच्या वर. साडेदहा हवं तर १०′६″ असंच टाइप करा. कागदावर मिस्त्री १०.६ लिहितो, त्याला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही.

फरशी भरत नाही त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, कोपरा जुळलेला नसतो. डबल क्लिकने फरशी यायला खोली चारी बाजूंनी बंद लागते. भिंतीच्या टोकाला झूम करा, टोक धरून दुसऱ्या भिंतीच्या टोकावर सोडा, जुळलं की कोपऱ्यातली आडवी रेघ जाते. मधली साडेचार इंची भिंत नऊ इंचीला टेकते तिथेही बघा. ती कधी कधी एखाद-दीड इंच अलीकडेच थांबलेली असते आणि पूर्ण झूम केल्याशिवाय कळत नाही. भिंत ओढताना कोन आपोआप १५ अंशांच्या पटीत धरला जातो, तो चालू राहू द्या. तिरका प्लॉट असेल तेव्हाच ऑल्ट दाबून सोडवा.

कागदावरच्या नकाशाचा फोटो मागे लावून त्यावर काढत असाल तर मोबाइलचा तिरपा फोटो नको, स्कॅन करा. स्केल देताना ३ फुटांचं दार धरू नका, ५० फुटांची बाजू धरा. दारावर एक इंचाची चूक झाली तर ५० फुटांवर ती सोळा-सतरा इंच होते.

भिंती पक्क्या झाल्या की प्लॅन > लॉक बेस प्लॅन. नाहीतर सोफा सरकवताना भिंत सरकते. घरी वास्तूवाल्यांचं काही म्हणणं असेल तर ते लॉक करण्याआधी ऐकून घ्या.

टी-स्क्वेअर
जिना. लायब्ररीतल्या मॉडेलमध्ये पायऱ्यांची संख्या ठरलेली असते. तुम्ही उंची १० फूट केली की पायरी ताणली जाते, संख्या वाढत नाही. त्यामुळे तो जिना फक्त जागा अडवायला वापरा, हिशोब कागदावर करा.

स्लॅब ते स्लॅब १० फूट म्हणजे १२० इंच. १८ रायझर (पायरीची उभी बाजू) घेतले तर एक ६⅔ इंचाचा, चढायला बरा. दोन भागांत ९-९ रायझर, म्हणजे प्रत्येक भागात ८ ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू). १० इंची ट्रेडने ६ फूट ८ इंच, अधिक मधला ३ फुटांचा लँडिंग, झाले ९ फूट ८ इंच. रुंदी ३ अधिक ३ अधिक मधली ३ इंच फट, म्हणजे ६ फूट ३ इंच. ही आतली मापं. खाली चढायला सुरुवात होते तिथे आणखी ३ फूट मोकळे हवेत, बहुतेक कच्च्या नकाशांत हेच विसरलेलं असतं आणि पहिल्या पायरीसमोर बेडरूमचं दार उघडतं.

वरचा मजला जोडताना लेव्हलमध्ये फ्लोअर थिकनेस ५ इंच आणि भिंतीची उंची ९ फूट ७ इंच द्या, तेव्हा बेरीज १० फूट होते. जिना बरोबर जागी असेल तर वरच्या फरशीला भोक आपोआप पडतं.

खिडक्या: तळाची उंची एलेव्हेशनच्या रकान्यात जाते. दार ७ फुटांचं, तर खिडकीचा माथाही ७ ला आणा, लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई) एका रेषेत जाते. ४ फूट उंच खिडकीला एलेव्हेशन ३ फूट, बाथरूमच्या २ फुटी व्हेंटिलेटरला ५ फूट.

बेसावाला
गुण्या भाऊ, मापं जमली, धन्यवाद. प्रिंट आणि उन्हाचं कोणी सांगेल का? आणि कूलर कुठे दाखवायचा?

ओळंबा
प्रिंट: पेज सेटअपमध्ये स्केल १/१०० निवडा. तुमचा प्लॉट त्या स्केलला १५२ × ९१ मिमी होतो, ए४ वर आरामात बसतो. १/५० ला ३०५ × १८३ होतो, ए४ च्या २९७ मध्ये मावत नाही, ए३ घ्या. गडबड पुढे होते. पीडीएफ छापताना ‘फिट टू पेज’ चालू राहतं आणि नकाशा आक्रसतो. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के ठेवा, झेरॉक्सवाल्यालाही हे बजावून सांगा. तपासायला नकाशात १० फुटांची एक रेष ठेवा, १/१०० ला ती ३०.५ मिमी भरली पाहिजे.

गुण्या
ऊन बघता येतं, आणि नागपुरात ते बघायलाच हवं. प्लॅनवरच्या होकायंत्रावर डबल क्लिक करा, अक्षांश २१.१५ उत्तर, रेखांश ७९.०९ पूर्व, टाइम झोन कोलकाता, आणि उत्तर दिशा ले-आउटच्या मंजूर नकाशावरून. मग ‘क्रिएट फोटो’ मध्ये तारीख-वेळ द्या. गुणवत्तेची पट्टी वरच्या दोन पायऱ्यांपैकी एकीवर हवी, खालच्या दोन्हींवर तारीख-वेळेचा उपयोग नाही. वेळ लागतो, आधी लहान आकाराचा फोटो काढा.

२० मे, दुपारी ४ आणि ५ अशा दोन वेळा घालून पहा. ४ वाजता २ फुटांचा छज्जा खिडकीवर साधारण दीड फूट सावली देतो, ५ वाजता जेमतेम १० इंच. सूर्य ५ वाजता क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपास उतरलेला असतो, त्यामुळे पश्चिमेला छज्जा कितीही वाढवला तरी संध्याकाळचं ऊन थांबत नाही. शिवाय मेच्या मध्यापासून जूनभर सूर्य पश्चिमेच्या २० अंशांहून जास्त उत्तरेला मावळतो, म्हणून खिडकीच्या उत्तर बाजूला उभी पट्टी किंवा जाळी काढून फोटो पुन्हा घ्या. माझं मत विचाराल तर मोठी खिडकी उत्तरेला न्या आणि पश्चिमेला पोर्च किंवा जिना टाका.

कूलरसाठी स्वतःच्या कूलरचं माप घेऊन खिडकीबाहेर एक साधा खोका ठेवा. २ फूट खोल कूलर ३ फुटांच्या मार्जिनमध्ये आला तर माणूस जायला १ फूट उरतो, शिवाय पाणी भरायचं असतं. बाजूच्या बोळात नको, मागच्या किंवा पुढच्या मोकळ्या जागेत येईल अशी खिडकी निवडा. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी दाखवा, नाहीतर खोली नुसती दमट होते.

टी-स्क्वेअर
इंजिनिअर डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) मागेल तर घाबरू नका. प्लॅन एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) म्हणून काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून डीएक्सएफ (ऑटोकॅडला उघडता येणारी फाइल) करता येतो, पण तिकडे स्केल हलतं आणि भिंती सुट्या रेघा होऊन पडतात. त्यांना ३० फुटांची बाजू धरून ऑटोकॅडमध्ये स्केल > रेफरन्स करावं लागेल. बहुतेक ऑफिसं नवीन ड्रॉइंगच काढतात, त्यामुळे आतली स्वच्छ मापं लिहिलेली १/१०० ची पीडीएफ जास्त कामाची. तीत हे असू द्या: उत्तर दिशा, रस्ता, प्रत्येक खोलीचं आतलं माप, दार-खिडक्यांची रुंदी आणि तळाची उंची, जिन्याचे रायझर, बोअर आणि सेप्टिक टँक कुठे हवे ते. कॉलम तुम्ही काढू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया आणि कॉलम माती तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. पण कॉलम साडेचार इंची भिंतीतून खोलीत बाहेर येतो हे धरून कपाट आणि बेडला कोपऱ्यात ६ इंच सूट ठेवा.