कोर्टात कंत्राटी, काम क्लार्कचं, पगार 11 हजार. काही करता येतं का?

दप्तरातली_धूळ:
नमस्कार मंडळी, मी एका जिल्हा कोर्टात एजन्सीमार्फत डेटा एंट्रीला आहे, तीन वर्षं होतील आता. मूळ काम स्कॅनिंगचं, म्हणजे जुन्या दिवाणी दाव्यांच्या फायली उसवायच्या, पानांना नंबर टाकायचे, स्कॅन करायचं आणि दाभणाने परत शिवून ठेवायच्या. पण बेंच क्लार्क मॅडम रजेवर गेल्या की बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मीच लावते, पुढच्या तारखा सीआयएसमध्ये (कोर्टाची केसेसची कॉम्प्युटर सिस्टीम) मीच टाकते, आणि पक्षकार तर मलाच मॅडम म्हणतात. कागदावर पगार 15,000, हातात 11,287, कारण पीएफचा माझा वाटा आणि ठेकेदाराचा वाटा दोन्ही माझ्यातूनच कापतात. शेजारच्या टेबलावर हेच काम करणाऱ्याचं बेसिकच 19,900, वर महागाई आणि घरभाडं वेगळं. जिथे लोक न्याय मागायला येतात तिथे बसून हे कोणाला सांगू कळत नाही.

काळा_कोट:
ताई, यात तीन भानगडी आहेत, त्या एकत्र करू नका. समान कामाला समान वेतन म्हटलं की सगळे जगजितसिंग केस पुढे करतात, पंजाब सरकारची, 2016 ची, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तात्पुरत्या माणसाने कायम माणसाइतकंच काम केलं तर निदान त्या श्रेणीतला खालचा टप्पा द्या. पण ती माणसं सरकारनेच लावलेली होती. तुमच्या मधे ठेकेदार आहे, त्यामुळे तो करार नुसता दिखाऊ आहे आणि खरं काम कोर्टच करून घेतं हे आधी सिद्ध करावं लागेल, वाट लांबची आहे. कायम करून घेणं हा तर अजूनच वेगळा विषय, 2006 चा सुप्रीम कोर्टाचा उमादेवी निकाल लगेच आडवा येतो, रीतसर भरतीतून न आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही असं तो सांगतो.
पीएफचं मात्र सरळ आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापताच येत नाही, तक्रार पीएफ ऑफिसला करा, त्यासाठी हायकोर्टात जायची गरज नाही. आणि बोर्ड लावायला सांगतात ते तोंडी का लेखी? लेखी काही असेल तर जपून ठेवा.

समन्स_घेऊन_फिरणारा:
बेलिफ आहे, कायम आहे, तरी सांगतो की आमचंही सुखासुखी झालं नाही. शेट्टी आयोगाने कोर्ट कर्मचाऱ्यांसाठी शिफारशी केल्या, आणि त्या 1 एप्रिल 2003 पासून लागू करा हे सुप्रीम कोर्टाला 2009 मध्ये सांगावं लागलं, तोवर किती जण रिटायर होऊन गेले. गंमत अशी की आमच्यावर कंट्रोल हायकोर्टाचा आणि पैसे राज्य सरकारचे, त्यामुळे पद मंजूर करा म्हणून फाईल गेली की ती मंत्रालयात अडकते आणि इकडे काम थांबत नाही म्हणून एजन्सी येते. त्या शेजारच्या टेबलावरच्या माणसावर राग धरू नका एवढंच.

टायपिंग_40:
मी पण तुमच्यासारखीच होते. 2023 ला जिल्हा कोर्टांची 4,629 पदांची जाहिरात निघाली त्यात फॉर्म भरला आणि लागले. तुमचं ग्रॅज्युएशन झालंय का? टायपिंगची सर्टिफिकेटं, मिनिटाला इंग्रजी 40 आणि मराठी 30 शब्दांची, आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर क्लासवाले गर्दीने उभंही करत नाहीत.

काळा_कोट:
हो, परीक्षा द्याच, पण म्हणून पीएफ सोडू नका. सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघितलंय का कधी?

दप्तरातली_धूळ:
बीकॉम झालंय, मराठी टायपिंग आहे, इंग्रजीचं राहिलंय. लेखी काही नाही हो, सगळं "जरा बघतेस का" असं. पण हजेरीचं रजिस्टर कोर्टातच असतं, सही रोज तिथेच.
पासबुक आत्ता तुमच्या सांगण्यावरून उघडलं. पगारातून दर महिन्याला कापलंय आणि इथे मार्चपासून एक रुपया जमा नाही. सोमवारी अर्धी रजा टाकून पीएफ ऑफिसला जाते, पगाराच्या स्लिपा नेल्या तर चालतील ना, का बँकेचं स्टेटमेंट पण लागेल?